बांद्याक

आज सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि समोरचा ब्लॉक जागेवर नव्हता. म्हणजे होता, पण खालचे तीन-चार मजलेच. वरचे कोणीतरी खोडरबराने पुसून टाकले होते. मी खिडकी लगेच लावली, कडी नीट बसली का ते पाहिलं, पण तोवर वास आत आला होता. चुलीच्या धुराचा वास ओळखीचा असतो, त्याच्यामागे कोणाचं तरी जेवण शिजत असतं. हा वास तसा नाही. ओला पाला, कुजकी मुळं, माती, सगळं जमिनीखाली धुमसत राहिल्यावर जो येतो तो हा वास. आधी पडद्यांत शिरतो, मग उशीच्या अभ्र्यात, आणि दुपारपर्यंत वरणभातालासुद्धा लागतो. मी विलासला हाक मारली नाही. तो बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता आणि त्याने पेपर खाली ठेवल्याचा आवाज मला आला.

इथे सिंगापुरात याला हेझ म्हणतात. शब्द मोठा गोड आहे, एखाद्या अत्तराच्या बाटलीवर शोभेल असा. समुद्रापलीकडे जंगलं पेटतात, वारा फिरतो आणि तो सगळा धूर या टापटिपीच्या शहरावर येऊन बसतो. आता फोनवर दर तासाला हवेचा आकडा कळतो, दुकानांत मास्कचे ढीग असतात. सत्त्याण्णव साली तो पहिल्यांदा एवढा आला तेव्हा सगळेच गोंधळले होते. संध्याकाळच्या बातम्यांत हवामानाच्या आधी धुराचा आकडा सांगायचे आणि खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांवर, लोक तो आकडा लॉटरीच्या नंबरासारखा एकमेकांना विचारायचे. सूर्य दुपारी बारालाही तांबडा दिसे आणि त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येई. मला त्याचीच भीती वाटायची. सूर्याकडे असं टक लावून बघता येऊ नये.

आम्ही तेव्हाही टॅम्पिनीसलाच होतो, याच फ्लॅटमध्ये. मी पुण्याची. विलास सिंधुदुर्गातला, बांद्याजवळच्या एका गावचा. गोव्याची हद्द तिथून हाकेवर, तेरेखोलचं पाणी आणि सोमवारचा बाजार, एवढंच लग्नाआधी मला त्याच्या गावाबद्दल माहीत होतं. तो मरीन इंजिनीअर, जुनी जहाजं दुरुस्तीला किंवा मोडीला ओढून आणणाऱ्या इथल्या एका कंपनीत. आमची मुलगी सई तेव्हा प्रायमरी वनमध्ये, म्हणजे पहिलीत होती.

आमच्या घरात भाषेवरून कायम धुसफूस चाले. सई इंग्रजीत विचार करायची, वाक्याच्या शेवटी इथलं 'लाह' पेरायची आणि ते सगळं मराठीत ओतायची. बसमध्ये बसलो असं न म्हणता "आपण बसवर बसलो" म्हणायची. मी म्हणायची, "टपावर बसली होतीस का गं? बसमध्ये म्हण. घरी, शाळेत. आणि शाळेला जाते, ला, ला!" तर ती म्हणे, "शाळेला, लाह." दोन्ही 'ला' तिच्या तोंडात एकच होऊन गेले होते. मी डोक्याला हात लावायची आणि विलास खो खो हसायचा.

त्यात भर म्हणजे विलासची मालवणी. आमच्या 'ला'च्या जागी त्यांच्याकडे 'क' येतो. शाळेला नाही, शाळेक. घराक, बाजाराक, बांद्याक. आणि आमच्या 'वर'च्या जागी नुसता 'र'. झाडार, बोटीर. सईला तो 'क' फार आवडायचा. विलास म्हणाला, "खंय चललंस गो? शाळेक?" की ती म्हणे, "क्वॅक!" बाबाच्या प्रत्येक वाक्यातून बदक बाहेर पडतं, असं तिचं मत होतं. आंघोळीच्या बादलीतलं तिचं पिवळं प्लॅस्टिकचं बदक या खेळासाठीच होतं. मला तो खेळ खपत नसे. मालवणीशी माझं वैर नव्हतं हो, पण पोरीला आधी धड एक मराठी तरी येऊ दे, मग तिची बदकं करा, असं माझं म्हणणं. मी इतक्यांदा रागावले की माझ्यासमोर ते दोघं खेळेनासे झाले. मी भाजी आणायला खाली उतरले की वर बदकं सुटत असणार.

विलासच्या जोडीला कंपनीत दिगंबर होता, वेंगुर्ल्याकडचा. त्याची बायको सुनंदा. ती दोघं बुकित पंजांगला राहायची. त्यांना मूल नव्हतं. रविवारी बस आणि मग एमआरटीची ट्रेन करून ती आमच्याकडे यायची आणि येताना सुनंदा वाटेतून मासे घ्यायची, कारण माझ्या माशांवर तिचा विश्वास नव्हता, आणि तो नसावा हे योग्यच होतं. माझ्याशी ती जपून, शाळेत शिकवल्यासारखं मराठी बोलायची. विलासशी बोलताना मात्र तिचा आवाजच बदलायचा, मोकळा व्हायचा, जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरल्यासारखा. दिगंबर मितभाषी. जेवून झालं की जमिनीवर उताणा पडून सईला पोटावर बसवायचा आणि म्हणायचा, "ही आमची बोट." तिच्या वजनाने त्याचा श्वास अडकायचा तरी उठायचा नाही.

त्या वर्षी दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन झालं आणि कंपनीने दोघांना एक काम दिलं. पूर्वेला, इंडोनेशियाच्या पार टोकाला, एक निकामी युद्धनौका उभी होती. एका नौदलाने बरीच वर्षं वापरून मोडीत काढलेली. ती मोडणाऱ्यांपर्यंत ओढत न्यायची होती. ओढणारी टग तिकडचीच भाड्याने घेतली होती. या दोघांनी आधी जाऊन नौकेची भोकं बुजवायची, पंप बसवायचे, आणि मग एकाने तिच्यावर बसून प्रवासभर पंप सांभाळायचे. दुसऱ्याने मागे राहून उरलेली यंत्रं सोडवायची, पेट्यांत भरायची आणि प्रवासी बोटीने परतायचं. कोणी बसायचं आणि कोणी राहायचं ते तिथे गेल्यावर काम बघून ठरणार होतं.

त्या युद्धनौकेचं नाव होतं बांदा.

विलासने घरी येऊन ते सांगितलं तेव्हा त्याला हसू आवरत नव्हतं. "आमच्या गावाची लढाऊ नौका! माझ्या आज्जाक सांगूक होया होतां!" मग नकाशा काढून त्याने दाखवलं. पूर्वेच्या समुद्रात बांदा नावाचीच ज्वालामुखीची बेटं आहेत, माशीने बसून घाण केल्याएवढी. नौकेला नाव त्यांचं होतं. आणि तिचं इंजिन कायमचं बंद पडलं तेव्हा ती त्याच बेटांपाशी होती, म्हणून तिथेच नांगरून ठेवलेली. म्हणजे बांदा बांद्याला उभी होती आणि तिला आणायला बांद्याचा माणूस चालला होता. त्या रविवारी या गोष्टीवर आम्ही पोट धरधरून हसलो. हसली नाही ती सुनंदा. ती कोळंबी सोलत होती. तिने विचारलं, "त्या बेटावरचा डोंगर अजून जिवंत आहे?" विलास म्हणाला, "जिवंत म्हणजे काय, मध्ये एकदा चांगला फुटलाय. जागृत आहे." आपल्याकडे देवस्थानाला जागृत म्हणतात, तसं. सुनंदा म्हणाली, "मग त्याचं नाव दुसऱ्याला कशाला ठेवलं? घरात माणूस जितं असताना तेच नाव पोराक ठेवतात काय?" दिगंबर म्हणाला, "तू कोळंबी सोल."

तिकडून विलासचा पहिला फोन आला तो उत्साहाचा. लाइन खरखरत होती, तो ओरडून बोलत होता. बेटं म्हणे सिंधुदुर्गासारखीच आहेत, तशीच लाल माती, तसाच माड. आणि जायफळाची झाडं. ज्या जायफळासाठी गोऱ्या लोकांनी एके काळी माणसं मारली, ते तिथे अंगणात वाळत पडलेलं असतं आणि कोंबड्या त्यावरून चालतात. समोर समुद्रातून थेट वर आलेला काळा डोंगर. आणि त्या डोंगराच्या सावलीत ती नौका. तोफा काढून नेल्यात, त्यांच्या जागी गोल भोकं आहेत, त्यांत पावसाचं पाणी साठलंय. मागच्या बाजूला नावाची अक्षरं आहेत, त्यांवर राखाडी रंग फासलाय पण अक्षरं उठावाची असल्यामुळे हात फिरवला की वाचता येतं. "आत काय गो, नुसतो गंज," तो म्हणाला. "हातोडो मारलो तर आरपार जाता." मी म्हटलं, मग ती चालवता कशाला? तो म्हणाला, "चलवणत नाय, ओढतत." आणि लाइन तुटली.

इकडे धूर दाट होत चालला होता. पितृपक्ष लागला. दर वर्षी मी खिडकीच्या कठड्यावर वडिलांच्या नावाने घास ठेवते, आणि इथले कावळे असे धीट की हात मागे घ्यायच्या आत घास गेलेला असतो. त्या वर्षी घास तसाच राहिला. कावळेच नव्हते. कुठे गेले होते देव जाणे. दुपारपर्यंत भातावर राखाडी पुटं चढली. मी ते ताट आत घेतलं आणि काय करावं ते न सुचून नुसतं ओट्यावर ठेवलं. बांबूंवर वाळत घातलेले कपडे धुण्याआधीपेक्षा मळून परत येत होते. सई खोकत होती. शेजारची मलय आजी ओला टॉवेल दाराच्या फटीला लावायची, मीही लावायला लागले. खाली उतरलेली माणसं बोलायची नाहीत, फक्त मास्कवरून डोळे दिसायचे आणि सगळ्यांचे डोळे रडल्यासारखे लाल असायचे.

तशातच एका दुपारी मी सईसाठी खोकल्याचं औषध आणायला खाली गेले आणि तेवढ्यात विलासचा फोन येऊन गेला. वर आले तेव्हा सई रिसीव्हर ठेवत होती. मी विचारलं, "काय म्हणाले बाबा?"

ती म्हणाली, "बाबा ऑन बांदा, लाह."

"मराठीत सांग."

"बाबा बांदावर."

तर मी काय करावं? मी तिचं व्याकरण सुधारलं. गावाला 'वर' लावत नाहीत, म्हटलं. बोट असेल तर वर. ती म्हणाली, "ओके," आणि बदक घेऊन गेली. मी मनात म्हटलं, म्हणजे नौकेवर विलास चढला आणि दिगंबर मागे राहिला. ठीक आहे. आणि मी औषधाची बाटली हलवायला लागले.

पुढे बरेच दिवस काही कळलं नाही. अशा कामांत कळत नसतंच. मग एका सकाळी ऑफिसातून फोन आला. ओढीचा दोर तुटला होता. बोर्निओच्या दक्षिणेला, ऐन धुरात. टगचा कप्तान मागे वळेपर्यंत नौका दिसेनाशी झाली. दिवसभर भोंगा वाजवत तो शोधत राहिला, आणि शेवटी त्याला पाण्यावर तेलाचा तवंग सापडला. बांदा बुडाली होती. तिच्यावर एक माणूस होता. तो सापडला नव्हता.

मी विचारलं, कोण? फोनवरची मुलगी चिनी होती, वयाने लहान असावी. "इंडियन इंजिनीअर ऑन बांदा, मॅम. दॅट्स ऑल द कॅप्टन से." कप्तानाला नावं माहीत नव्हती. त्याच्या लेखी दोघे इंडियन, दोघे इंजिनीअर. नौकेवर कोण चढतंय हे त्याने टगवरून पाहिलं होतं, तेही पहाटेच्या अंधारात. बेटावर जो राहिला होता त्याला गाठावं तर तिकडे लाइन लागत नव्हती. पंधरवड्याने येणारी प्रवासी बोट बेटावरून सुटली होती, म्हणजे तो त्या बोटीवर कुठेतरी समुद्रात असणार, आणि जे घडलं त्याची त्याला वार्ताही नसणार. धुरामुळे विमानं बंद होती. "प्लीज वेट, मॅम," ती म्हणाली.

त्या दिवशी दुपारी सुनंदा आली. मासे न घेता आलेली ती पहिलीच वेळ. एका लहान पिशवीत दोन साड्या आणि देव. दारात उभी राहून म्हणाली, "वहिनी, मला तिथे एकटीला राहवत नाही." मी तिला आत घेतलं आणि दाराच्या फटीला टॉवेल परत लावला.

ते दिवस मला सलग आठवत नाहीत. तांबडा उजेड आठवतो. पंख्याचा आवाज आठवतो. आठवतं ते आमचं एकमेकींशी चांगलं वागणं. मी तिला चहा करून द्यायची, ती माझे कपडे घडी करायची. "तुम्ही बसा वहिनी." "नाही गं, तू बस." दोघींपैकी एकीचा नवरा बुडाला होता आणि दुसरीचा प्रवासी बोटीच्या डेकवर झोपला होता. मी देवापुढे हात जोडायची तेव्हा नक्की काय मागत होते, ते मला ठाऊक होतं. तीही तिच्या छोट्या समईपुढे तेच मागत होती. एकाच कोनाड्यात आमचे दोघींचे देव होते. मी विलास मागितला म्हणजे काय मागितलं, हे सुनंदाच्या पाठीकडे बघताना मला कळायचं आणि तरी मी मागायची.

मग मी सईच्या मागे लागले. तो फोन नौका निघायच्या दिवशीचा होता. विलासने तिला सांगितलं असणारच. मी तिला मांडीवर घेऊन पुन्हा पुन्हा विचारायची. "नीट आठव बाळा. बाबा बांद्याला आहे म्हणाले, की बांद्यावर?"

"ऑन बांदा, लाह."

"वर? की ला?"

"लाह."

"ला म्हणाले ना? बांद्याला?"

"आय डोन्ट नो!" आणि ती रडायला लागायची. 'ऑन' म्हणजे वर. 'लाह' म्हणजे ला. एकाच वाक्यात पोरीने विलासला बुडवलाही होता आणि वाचवलाही होता. मी त्या 'लाह'ला घट्ट धरून बसले. ते इथल्या प्रत्येक वाक्याच्या शेपटीला असतं, त्याला काडीचा अर्थ नाही, हे काय मला माहीत नव्हतं? पण मी रात्रीच्या जेवणाला बसले तरी माझ्या डोक्यात तेवढंच वाजत असायचं. सुनंदा हे सगळं ऐकायची. एकदाच तिने सईला माझ्या मांडीवरून उचलून नेलं, सहाणेवर जायफळ उगाळलं, दुधात घालून तिला पाजलं आणि झोपवलं. ते जायफळ तिच्या माहेरच्या झाडाचं होतं.

असाच एक दिवस उजाडला. बाहेर काहीच दिसत नव्हतं, खालचा रस्तासुद्धा नाही. मी पोळ्या लाटत होते, सुनंदा मेथी निवडत होती. सई फरशीवर पसरली होती. तिने ते पिवळं बदक कानाला लावलं होतं, त्याची चोच तोंडाशी.

"हॅलो? बाबा? आई नाही. आई खाली गेली." मग आवाज जाड करून, बाबासारखा: "बरां झालां. आयकलंस गो? मी बांद्याक रवलंय." आणि लगेच आपल्या आवाजात: "क्वॅक!"

सुनंदाच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली.

"परत म्हण गो बाय," ती म्हणाली.

सईने आधी माझ्याकडे पाहिलं. "आई रागावेल."

"नाय रागवाची. म्हण."

"बांद्याक रवलंय," सई अगदी हळू म्हणाली, आणि बदक पाठीमागे लपवलं.

तिला सगळं आठवत होतं, शब्दन् शब्द. आई चिडते म्हणून तिने त्याचं इंग्रजी करून मला दिलं होतं, आणि इंग्रजीत बेटालाही 'ऑन' आणि बोटीलाही 'ऑन'च. मी ला की वर, ला की वर, करत बसले होते. विलास यातलं काहीच म्हणणार नव्हता. तो लेकीशी बोलताना क म्हणेल नाहीतर र म्हणेल. बांद्याक म्हणजे त्या बेटाला, गावाला. बांद्यार म्हणजे त्या नौकेवर. विचारायचा प्रश्न तो होता, आणि तो सुनंदाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. तिने तो विचारला नव्हता.

तिने मेथी बाजूला सारली, हात पदराला पुसले आणि माझ्याकडे बघून, ते तिचं जपून बोलायचं मराठी काढून म्हणाली, "वहिनी, रवलंय म्हणजे राहिलोय. भावोजी बांद्याला राहिले. ते बेटावर होते. भावोजी आहेत."

मला कळलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात मला रवलंय कळत नव्हतं असं थोडंच आहे? पण चूक राहू नये, म्हणून तिने ते माझ्या भाषेत करून सांगितलं. आपला नवरा गेल्याचं तिने मला पुण्याच्या मराठीत, व्याकरण सांभाळून सांगितलं. मला आनंद झाला. खरं सांगते, अंगभर झाला, पायाच्या नखापर्यंत. आणि तो दिसू नये म्हणून मी तव्याकडे वळले तर पोळी जळून कोळसा झाली होती आणि त्या घरात आणखी थोडा धूर झाला. सुनंदा उठून खिडकीपाशी गेली. किती तरी दिवसांत कोणी न उघडलेली ती खिडकी तिने सताड उघडली आणि बाहेर बघत उभी राहिली. मी तिला अडवलं नाही.

दोन दिवसांनी विलासचा फोन आला. बोट बंदराला लागल्यावर त्याला एजंटाकडून कळलं होतं. मी म्हटलं, "तू ये फक्त." पंप बसवायचे हात दिगंबरचे चांगले आणि यंत्रं सोडवायचे विलासचे, एवढ्यावरून त्या दोघांनी ठरवलं होतं कोण जाणार ते. त्यात भांडण झालं नव्हतं, चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. पहाटे शिडी चढताना दिगंबरने मागे वळून फक्त चहाचा डबा मागितला होता. विलास घरी आला तेव्हा त्याच्या पिशवीत वर्तमानपत्रात बांधलेली जायफळं होती, दोन पुड्या, एक आमची आणि एक त्यांची. सुनंदाने तिची पुडी घेतली. तिला आणायला तिचा भाऊ आला. विमानतळावर काचेपलीकडे जाताना तिने सईला जवळ घेतलं आणि तिचा पापा घेतला. दिगंबर कधीच सापडला नाही.

धूर त्यानंतर पावसाने बसला. समोरचा ब्लॉक परत आला, कावळे परत आले. आमच्या घरात मात्र 'क' परत आला नाही. विलासने तो पुन्हा कधी उच्चारला नाही, माझ्याशी नाही, सईशी नाही, आईशी फोनवर बोलतानाही नाही. बिचारी म्हातारी म्हणायची, "पुण्याचो झालो मेलो." तो घरी म्हणतो, शाळेत म्हणतो, बाजाराला म्हणतो. माझ्यापेक्षा शुद्ध. मला जे इतकं हवं होतं ते पूर्ण मिळालं. सईचं बदक मी एकदा आवराआवरीत बघितलं, माळ्यावरच्या खोक्यात, आणि खोकं बंद केलं. ती आता परदेशी असते आणि इकडे धूर आला की मेसेज करते, खिडक्या लावा म्हणून.

सुनंदा गावी असते. भावाच्या दुकानात बसते. वर्षातून एकदाच तिचा फोन येतो, याच दिवसांत. टीव्हीवर सिंगापूरचा धूर दाखवला की ती फोन करते आणि मला नाही, विलासला मागते. मी जवळ उभी असते. बोलणं फार नसतं. ती विचारते, "धूर इलो?" तो म्हणतो, "आला." ती पाऊस सांगते, भाताचं सांगते. तो हो हो म्हणतो. इतकी वर्षं हे असंच चाललंय.

आज दुपारी फोन वाजला. विलासने घेतला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला. मागे बाजाराचा गलका होता, एसटीचा भोंगा, कोणीतरी मिरच्यांचा भाव ओरडत होतं. धुराचं बोलून झालं, पावसाचं झालं. मग विलासने, याआधी कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. "कुठून बोलतेस सुनंदा? फार आवाज येतोय."

पलीकडे तिने फोन गलक्यापासून जरा बाजूला नेला.

"बाजाराक इलंय, भावोजी," ती म्हणाली. "बांद्याक आसंय." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "म्हणजे जितीच म्हणायची."

विलासने ओठ उघडले. मला वाटलं आता तो 'क' म्हणेल. पण तो नुसता फोन धरून उभा राहिला, आणि तिकडे एसटी निघाल्याचा आवाज येत राहिला.